जात्यावरची ओवी कुणाची?

गावात विजेची गिरणी आली आणि आपलं पहाटेचं दळण सुटलं. हाताचे घट्टे गेले, त्याचं दुःख आम्हाला नाही. पण दळताना सुचणारी ओवीही जात्याबरोबर गप्प झाली. आता जातं निघतं ते लग्नातल्या हळदीपुरतं.

या ओव्या जपायला सरकारच्या आधी कार्यकर्ते पुढे आले. १९८०च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांना सोबत घेऊन ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला. त्यात सीता आहे, पंढरी आहे, भाऊराया आहे, सासरचा जाच आहे आणि बाबासाहेबही आहेत. मुख्य म्हणजे, ओवीशेजारी गाणारणीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे.

सरकारी धोरण नंतर आलं. २००३ साली युनेस्कोचा करार झाला. वारसा म्हणजे फक्त किल्ले आणि देवळं नव्हेत. तोंडी परंपरा, गाणं-नाच, सणवार, निसर्गाचं ज्ञान आणि हातची कारागिरी हाही वारसाच, असं त्यात ठरलं. भारतानं २००५मध्ये तो स्वीकारला. २०१३च्या सुमारास केंद्राच्या संस्कृती मंत्रालयानं अशा वारशासाठी अनुदानाची योजना आणली. युनेस्कोच्या यादीत २०१७ला कुंभमेळा आला, त्यात आपलं नाशिकही आहे. २०२३ला गुजरातचा गरबा आला.

या करारातली एक गोष्ट आपण पदराला गाठ मारून ठेवावी: वारसा ज्यांचा, त्यांना सोबत घेऊनच तो जपायचा.

हे का सांगतो? आमच्या गटातल्या एका आजींच्या ओव्या काही पाहुण्यांनी मोबाईलवर भरून नेल्या. नाव विचारलं नाही, की पुढे काय करणार ते सांगितलं नाही. आजी एवढंच म्हणाल्या, “माझा आवाज गेला कुठं गं?” आम्हाला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की आम्ही दोन ओव्या वहीत उतरवतो. गाणारणीचं नाव आधी, ओवी नंतर. कुणी न्यायला आलं, तर आधी तिची परवानगी आणि एक प्रत तिच्या हातात. तुमच्याही गटात अशी वही घाला. योजना येतील तेव्हा येतील. आजींचं वय काही थांबत नाही.