पुलावर चढलेल्या मोटारी

तमिळ पंचांगातला ऐप्पसी महिना लागला, वेधशाळेने बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची वर्दी दिली आणि चेन्नईच्या दक्षिण अंगाला वसलेल्या वेलचेरीत पहिली दांडगी सर कोसळली, की त्या उपनगराच्या रस्त्यांवरून एक अपूर्व मिरवणूक निघते. बँकेतले अधिकारी, संगणकाच्या कचेऱ्यांतले तरुण, सेवानिवृत्त मास्तर असे नाना प्रकारचे गृहस्थ आपापल्या मोटारी घेऊन जवळच्या उड्डाणपुलावर चढतात, कठड्याला खेटून त्या एकीमागे एक उभ्या करतात, मागच्या चाकाला वीट लावतात आणि छत्री उघडून गुडघाभर पाण्याच्या दिशेने पायी घरी परततात. ज्येष्ठी पौर्णिमेला सुवासीण जशी वडाला फेरे घालते, तशा निष्ठेने चाललेला हा विधी पुरता एका पिढीचाही नाही. पण त्याचा इतिहास शोधू गेल्यास तो चोळांच्या राज्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

वेलचेरीत वीस वर्षे काढलेल्या एका महाराष्ट्रीय स्नेह्यांबरोबर मी अशाच एका संध्याकाळी त्या पुलावर उभा होतो. गाडी खालच्या पुरातून सुटली हे खरे, पण वर आभाळ फाटले असता तिला उघड्यावर ठेवण्यात कोणते शहाणपण, अशी शंका मी काढली. कारण काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली जी जाळी असते, तिच्यातून पाण्याच्या धारा सरळ बॉनेटखाली उतरताना मला दिसत होत्या. स्नेही हसले आणि त्यांनी भर पावसात बॉनेट उचलून दाखवले. जाळीखाली पत्र्याची एक आडवी पन्हळ होती, तिच्या दोन्ही टोकांना भोके होती, आणि आलेले पाणी इंजिनाला वळसा घालून चाकामागच्या पोकळीतून रस्त्यावर पडत होते. इंजिन ज्या नळीने श्वास घेते तिचे तोंड तेथे नव्हतेच. ते पुढे, दिव्याच्या बाजूला, आडोशाला होते.

मोटारीच्या अंगाला झरोके ठेवण्याची रीत जुनीच आहे. १९२० च्या सुमाराच्या गाड्यांच्या बॉनेटला दोन्ही कुशींवर उभ्या फटी असत, त्या आतला ताप बाहेर जावा म्हणून. आणि आपल्याकडे २००९ साली आलेल्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जो जबडा उघडलेला दिसतो, तो खाली बसवलेल्या हवा थंड करणाऱ्या जाळीसाठी आहे, सिलिंडरसाठी नव्हे. पावसाचे पाणी तापलेल्या लोखंडावर पडते, वाफ होते, प्रकरण मिटते. त्यातून जे नुकसान संभवते ते विजेच्या जोडांचे, किंवा पानांनी पन्हळीची भोके बुजली तर तुंबलेले पाणी पंख्यावाटे पायाखालच्या गालिच्यात उतरण्याचे.

इंजिन मरते ते निराळ्या कारणाने, आणि ते कारण मोटारीहून जुने आहे. वाफेच्या आगगाडीचा चालक निघण्यापूर्वी सिलिंडरच्या तोट्या उघडून फसफसा पाणी बाहेर काढीत असे; निवलेली वाफ पाणी होऊन आत राहिली आणि दट्ट्या तिच्यावर आदळला तर सिलिंडरचे झाकण फुटे, हे तो उमेदवारीतच शिकलेला असे. वायू दाबला जातो, पाणी दाबले जात नाही, एवढाच हा सिद्धान्त. १९९८ पासून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे जिची पैदास झाली त्या सँट्रो मोटारीचे आरंभीचे इंजिन ९९९ घन सेंटिमीटरचे व चार सिलिंडरांचे. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला अडीचशे आले, आणि दट्ट्या टोकाला पोहोचल्यावर तेथे शिल्लक उरणारी जागा तीसेक घन सेंटिमीटरची. तेवढ्या जागेहून चमचाभर अधिक पाणी श्वासनळीतून आत गेले, की दट्ट्या अडतो आणि त्याला ढकलणारा पोलादी दांडा काडीसारखा वाकतो. स्वयंपाकघरातले दोन-तीन मोठे चमचे पाणी. त्याला घागरी लागत नाहीत.

जुन्या अँबॅसिडर आणि पद्मिनी गाड्यांना या मरणापासून त्यांच्या नाजूक प्रकृतीने पुष्कळदा वाचवले. पाण्याचा नुसता शिंतोडा उडाला की त्यांचा डेल्को, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डबा, ओला होई, ठिणगी बंद पडे आणि इंजिन पाणी पिण्याच्या आधीच मूर्च्छित होई. मग टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, आणि चालू पडायचे. नव्या गाड्यांची ठिणगी अशी सहजासहजी भिजत नाही, त्यामुळे त्या कंबरभर पाण्यातही इमानाने चालत राहतात, आणि तेच त्यांना भोवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसानंतर मुंबईच्या गॅरेजांतून ‘इंजिन लॉक झाले’ हा शब्दप्रयोग गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसला.

वेलचेरीची पाळी दहा वर्षांनी आली. ‘चेरी’ म्हणजे वस्ती. येथल्या दंडीश्वराच्या देवळात चोळकालीन शिलालेख आहेत, आणि वस्ती जितकी जुनी तितकीच तळ्याकाठची. तमिळ मुलखात तळ्याला ‘एरी’ म्हणतात. एरी कधी एकटी नसे. वरच्या एरीचे जास्तीचे पाणी तिच्या सांडव्यावरून, म्हणजे ‘कलंगल’वरून, खालच्या एरीत जाई, आणि तांबरमच्या बाजूने अशा पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले पाणी पळ्ळिकरणैच्या दलदलीत विसावून, ओक्कियम मडुवू नावाच्या ओढ्याने बकिंगहॅम कालव्यात आणि तेथून कोवळमच्या खाडीवाटे समुद्राला मिळे. बांध घालणारा जो कोणी होता, त्याने पाणी अडवण्याइतकाच विचार पाणी सोडण्याचा केला होता. गाळ काढणे, बांधाला माती घालणे ही कामे गावकरी आपल्या अंगमेहनतीने करीत, आणि त्या वहिवाटीचे नाव ‘कुडीमरामत’. कुडी म्हणजे रयत. आणि मरामत हा अरबी शब्द, जो फारशी दप्तरांतून आपल्या मराठी कागदपत्रांत आला, तोच तेथेही रुजलेला पाहून मला दूरचा नातलग भेटल्यासारखे वाटले. १८५८ साली मद्रास सरकारने ही मेहनत कायद्याने सक्तीची केली. जी गोष्ट आपण होऊन घडते तिच्यासाठी सरकार कायदा करीत नाही, तेव्हा वहिवाट तोवर सैलावली असली पाहिजे.

पुढची हकिगत थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण ती प्रत्येक शहराची आहे. शेते बिनशेती झाली, एरीच्या पात्रात रीतसर मंजुरीच्या वसाहती आणि बिनमंजुरीच्या झोपड्या अशा दोन्ही उठल्या, २६५ एकरांचे म्हणून सांगितले जाणारे वेलचेरीचे तळे ५५ एकरांवर आले, आणि २००७ साली लोकल आल्यावर जमिनीचे भाव गगनाला भिडले. पळ्ळिकरणैच्या दलदलीचा उरलासुरला तुकडा २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. सांडवा मात्र कोणत्याच नकाशात राहिला नाही.

२०१५ च्या नोव्हेंबरात चेन्नईत १,०४९ मिलिमीटर पाऊस पडला होता. १९१८ नंतर असा नोव्हेंबर झाला नव्हता. जमीन, तळी, गटारे सारी तुडुंब असताना डिसेंबरच्या १ तारखेपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तांबरमला ४९० मिलिमीटर कोसळला, आणि ते पाणी आपल्या जुन्या पायऱ्या आठवीत वेलचेरीच्या तळमजल्यांत उतरले. स्नेह्यांची गाडी इमारतीखाली उभी होती, ती आरशांपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर कोपऱ्यावरचा मिस्त्री दारोदार फिरून एकच सांगत होता, ‘चावी पोडादींग, सार’, चावी लावू नका, साहेब. आधी ओढून न्या, प्लग काढा, पाणी सांडू द्या. स्नेह्यांनी ती तासाभरापूर्वीच दोनदा फिरवली होती.

त्यानंतर विम्याचा सर्वेक्षक आला, पंचनामा झाला, आणि दाव्याचा मोठा भाग नामंजूर झाला. पुराने बुडालेल्या आसनांची भरपाई देय. परंतु बुडालेले इंजिन चालू करण्याच्या यत्नात मोडलेला दांडा हा मालकाच्या कृतीचा परिणाम, सबब तो पॉलिसीबाहेर. पॉलिसीच्या शब्दांत हा भेद बसतही असेल, पण चिखलात उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकवण्याची वेळ बरी नव्हती. आता इंजिनापुरते निराळे संरक्षण ज्यादा हप्ता घेऊन विकले जाते, आणि स्नेही ते न चुकता घेतात.

तरी त्यांचा खरा भरवसा पुलावरच. २०२४ च्या ऑक्टोबरात पुलावरच्या गाड्यांना दंड होत असल्याची बोलवा उठली, तेव्हा वाहतूक पोलिसांनाच तसे काही नसल्याचा खुलासा करावा लागला. आम्ही उभे होतो त्या संध्याकाळी रांग पुलाच्या माथ्यापर्यंत गेली होती. स्नेह्यांनी बॉनेट मिटण्यापूर्वी पन्हळीत बोटे घालून करंजाची कुजलेली पाने मूठभर बाहेर काढली, भोकातून पाणी मोकळे वाहू लागलेले पाहिले, पाने कठड्यावरून खाली टाकली आणि म्हणाले, ‘चला, घरी जिना चढेपर्यंत वीज जाईल.’