आजोबांची मआशियातची वही : उस्मानियातला एक मराठी विद्यार्थी

आजोबांच्या पेटीत एक जाड वही निघाली. वर उर्दूत ‘मआशियात’ लिहिलंय, म्हणजे अर्थशास्त्र. आतही सगळं उर्दूच. समासात मधूनमधून बारीक मोडी. आमच्या घरात आज दोन्ही लिप्या कुणाला येत नाहीत. शेवटी ओळखीच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून ती वाचून घेतली.

परभणीकडच्या मुलाला निजामाच्या राज्यात राहूनच बी.ए. व्हायचं, तर १९३०च्या दशकात वाटा दोनच. निजाम कॉलेज इंग्रजी माध्यमाचं, मद्रास विद्यापीठाला जोडलेलं. दुसरी वाट उस्मानिया, १९१८ला स्थापन झालेलं आणि उर्दूतून शिकवणारं. आजोबा काचीगुड्याला उतरले ते या दुसरीसाठी.

देशी भाषेतून पदवीपर्यंतचं आधुनिक शिक्षण देण्याचं धाडस उस्मानियानं केलं, हे मान्य करायलाच हवं. पुस्तकंच नव्हती, म्हणून १९१७लाच ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतराचं खातं काढलं, मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली. इतिहासाला ‘तारीख’, तर्कशास्त्राला ‘मंतिक’, राज्यशास्त्राला ‘सियासियात’. इंग्रजी सक्तीचा विषय होता. मराठीही होती, पण विषय म्हणून. राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे. त्यांच्या मुलांना ही ‘देशी भाषा’ परकीच. उस्मानियाचं कौतुक करताना आपल्याकडचे बरेच लेख हे गाळतात. आणि टीका करणारे ते भाषांतराचं काम गाळतात.

आजोबांनी मोडीत काय लिहिलं होतं? मोडी जाणणाऱ्या मंडळातल्या एका स्नेह्यांनी सांगितलं : बहुतेक ठिकाणी उर्दू शब्दांचे मराठी अर्थ. एका ठिकाणी नुसतं ‘समजलें नाहीं’. ते मला फार जवळचं वाटलं.

आर्ट्स कॉलेजची ती प्रसिद्ध दगडी इमारत डिसेंबर १९३९मध्ये उघडली. आजोबांनी ती फक्त परांच्या लावलेली पाहिली, कारण त्याच्या वर्षभर आधीच ते विद्यापीठाबाहेर होते. नोव्हेंबर १९३८मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणायला बंदी झाली, मुलांनी संप केला, आणि ते लोण लगेच हैदराबादच्या वसतिगृहांत आलं. शेकडो मुलांना काढून टाकलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच, ते तेव्हा वरंगळला होते. अशा मुलांना दारं उघडली नागपूर विद्यापीठानं. कुलगुरू होते टी. जे. केदार.

वहीत हे काहीच नाही. ‘तलब’ आणि ‘रसद’, म्हणजे मागणी-पुरवठा, हा धडा अर्ध्यात तुटतो. चार पानं कोरी. नंतर त्याच शाईत, पण डावीकडून उजवीकडे, इंग्रजीत तोच धडा पहिल्यापासून सुरू होतो. नागपूरला माध्यम इंग्रजी होतं. सक्तीचं इंग्रजी तिथे कामाला आलं असणार.

१९४८नंतर उस्मानियातलंही उर्दू माध्यम गेलं, जागा इंग्रजीनं घेतली. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं. आजोबांनी पदवी नागपूरची घेतली, तरी हिशेब मात्र मरेपर्यंत उर्दू आकड्यांतच मांडले. त्या चिठ्ठ्या आम्ही रद्दीत घातल्या, वाचता येत नव्हत्या म्हणून. वही तेवढी राहिली. मोडीची पानं आता एकेक करून उतरवून घेतो आहे.