उजवा कान, डावा कान आणि मधली कवटी

1881 साली पॅरिसमध्ये विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका दालनापुढे लोकांची रीघ लागे. आत गेलं की प्रत्येकाच्या हाती टेलिफोनचे दोन रिसीव्हर येत, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. सुमारे दोन किलोमीटरवरच्या ऑपेरागृहात चाललेलं गाणं त्यातून ऐकू येई. गायिका रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेली, की तिचा आवाजही कानांत तसाच सरके. त्याच वर्षी हा प्रयोग ऐकणाऱ्यांत व्हिक्टर ह्यूगोही होता.

यामागे होता क्लेमाँ आदेर हा फ्रेंच अभियंता. रंगमंचाच्या पुढच्या कडेला त्यानं दोन्ही अंगांना ट्रान्समीटर मांडले आणि प्रत्येक श्रोत्याला दोन्हीकडच्या आवाजाची जोडी दिली. नर्तकांच्या पावलांची धडधड तारेत शिरू नये म्हणून ट्रान्समीटर शिशाच्या बैठकीवर ठेवून खाली रबराचे पाय लावले. हवेतून येणारा आवाज त्याला हवा होता, लाकडातून येणारा नको होता.

आभासी वास्तवाची, म्हणजे व्हीआरची गोष्ट सांगताना बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात. आयव्हन सदरलँडनं 1968 साली डोक्यावर चढवायचा पडदा दाखवला, तिथून. पण माणूस एका जागी बसलेला आणि त्याच्याभोवती दुसरीच जागा उभी, हा अनुभव कानांनी त्याच्या 87 वर्षं आधी घेतला होता. कानांना हा मान मिळायलाच हवा.

ऐकण्याची दुसरी वाट मात्र वेगळ्या गरजेतून चोखाळली गेली. शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्सनं 1879 साली ‘ऑडिफोन’चं पेटंट घेतलं. हा कडक रबराचा पंखा वरच्या दातांना टेकवायचा. आवाजानं पंखा थरथरला, की ती थरथर दातांतून कवटीत आणि तिथून आतल्या कानात पोहोचे. ज्यांचे पडदे किंवा कानातली बारीक हाडं कामातून गेली होती, त्यांच्यासाठी ही मागच्या दारानं आत जायची सोय होती. आदेर जी थरथर बाहेर ठेवू पाहत होता, तीच ऱ्होड्सला आत घ्यायची होती.

ही वाट प्रत्येकाच्या डोक्यात आहे. दोन्ही कानांत बोटं घालून शेव चावली, तर कुरकुर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज परका वाटतो, तोही याचमुळे: रोज आपण तो हवेतून आणि हाडातून असा दुहेरी ऐकतो; रेकॉर्डिंगमध्ये हाडाचा वाटा नसतो.

या दोन वाटा शेवटी मिळतात कुठे? गेऑर्ग फॉन बेकेशीनं 1932 साली याचा छडा लावला. त्यानं 400 हर्ट्झचा एकच सूर हवेतूनही दिला आणि हाडातूनही. मग एकाचा जोर आणि लहरींची वेळ इतकी नेमकी जुळवली, की दोन्ही सूर चालू असताना ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येईना. दोन्ही थरथरींनी आतल्या कानात एकमेकींना पुसून टाकलं होतं. वाटा दोन, मुक्काम एकच. इतका देखणा प्रयोग श्रवणशास्त्रात क्वचितच सापडेल. पुढे 1961 साली त्याला आतल्या कानावरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

आवाज कोणत्या दिशेनं येतो हे कसं कळतं, याचं गणित लॉर्ड रॅलेनं 1907 साली मांडलं होतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो, फार तर सेकंदाच्या दहा हजारांतल्या सहा-सात भागांनी. आणि डोक्याच्या आडोशामुळे डावीकडे तो क्षीण होतो. दोन कानांतला हाच फरक टिपायला 1933 च्या शिकागो प्रदर्शनात बेल लॅबोरेटरीजनं ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा बसवला. त्या काळचे मायक्रोफोन कानांत मावत नसल्यानं ते त्याच्या गालफडांवर बसवले होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस नासाच्या एम्स केंद्रात एलिझाबेथ वेन्झेल आणि स्कॉट फॉस्टर यांनी ‘कन्व्हॉल्व्हट्रॉन’ हे यंत्र कामाला लावलं. कानाच्या पाळीचे उंचवटे, डोकं आणि खांदे आवाजाला कसा आकार देतात याची मापं घेऊन ते हेडफोनमध्ये दिशा उभी करी, आणि मान वळवली तरी आवाज आपल्या जागी राही.

हाडाच्या वाटेची अडचण इथेच होती. कवटी एकसंध असते. उजव्या कानामागे लावलेली थरथर डाव्या कानातही जवळजवळ तितक्याच जोरानं पोहोचते. डोक्याचा आडोसाच नाहीसा होतो. हाडातून दिशा कळणारच नाही, असा समज म्हणूनच रूढ झाला होता. पण जॉर्जिया टेकमध्ये ब्रूस वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2005 च्या सुमारास हाडातून आवाज देणाऱ्या हेडफोनवर चाचण्या घेतल्या, तेव्हा आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे लोकांना सांगता आलं.

त्यांना हे हेडफोन अंध पादचाऱ्यांसाठी हवे होते. नेहमीचा हेडफोन कान झाकतो आणि ज्याला रस्ता ऐकूनच ओलांडायचा आहे, त्याला ते परवडत नाही. वाट दाखवणारा सूर हाडातून येई, आणि येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकायला दोन्ही कान मोकळे राहत.