मागींची टोपी

दर ६ जानेवारीला गोव्यात, मांडवीकाठच्या रेईश मागूश गावी तीन मुलगे मुकुट घालून, घोड्यावर बसून मिरवत येतात. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे ते हेच. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात राजे नाहीत, तीन हा आकडाही नाही. तारा पाहून पूर्वेकडून आलेले ‘मागी’, एवढंच आहे. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसंही तीन धरली गेली. गंधरस म्हणजे आपला हिराबोळ. प्रेताला लावायचं द्रव्य म्हणून पंडितांनी त्यात येशूच्या मरणाची खूण पाहिली. मला मात्र आधी बाळंतिणीचं औषधच आठवतं!

मागी म्हणजे प्राचीन इराणचे पुरोहित. पारशांच्या धर्मगुरूंना मोबेद म्हणतात, तो शब्दही त्याच मुळाचा. रोममधल्या भुयारी दफनभूमींत भिंतींवर जुनी चित्रं आहेत, त्यांत कुठे दोन मागी, कुठे चार. मरिया खुर्चीवर बसलेली, बाळ मांडीवर. समोर हे परदेशी पाहुणे: आखूड अंगरखा, पायात तुमान, डोक्यावर शेंडा पुढे वळलेली मऊ टोपी. पूर्वेकडचा माणूस म्हटला की रोमन चित्रकार असाच रंगवी.

त्या पोशाखाची एक गोष्ट सांगते. इ.स. ६१४ मध्ये इराणच्या सासानी फौजांनी जेरुसलेम घेतलं, चर्चं जाळली. बेथलेहेमचं येशूजन्माचं चर्च मात्र वाचलं. नवव्या शतकातल्या एका पत्रात त्याचं कारण दिलंय. चर्चवर मागींचं चित्र होतं. सैनिकांनी ते कपडे ओळखले, हे तर आपलेच पूर्वज म्हणाले, आणि हात आवरला. गोष्ट मागाहून रचलेलीही असेल. पण ते चर्च आजही उभं आहे.

दहाव्या शतकाच्या सुमारास चित्रांतल्या टोप्या जाऊन मुकुट यायला लागले. राजेरजवाड्यांना ते सोयीचंच होतं. पुढे फ्लोरेन्समध्ये बोत्तिचेल्लीने तर मागींना मेदिची या धनाढ्य घराण्यातल्या माणसांचे चेहरे दिले! पंधराव्या शतकात त्यांच्यातला एक आफ्रिकी दिसू लागला, म्हणजे सगळं जग पाया पडायला आलं. कल्पना मोठी खरी. पण आलेले पाहुणे दुसऱ्या धर्माचे पुरोहित होते, ते त्या मुकुटांखाली झाकलं गेलं, याची मला हळहळ वाटते.

रेईश मागूशचं चर्च मुळात १५५५ मध्ये बांधलेलं. तोवर मुकुट पक्के झाले होते, म्हणून तिथल्या मुलांच्या डोक्यावर टोपी नाही, मुकुट आहे.