भूत परक्याचं, वाडा आपला

भयकथेचं नाटक किंवा सिनेमा करताना नेमकं काय बदलतं, हा आजचा विषय. ऐकून वाटेल की आम्ही थेट लंडनहून सुरुवात करणार. पण सुरुवात इथूनच करू. महाडहून दक्षिणेला निघालं की पोलादपूर, पोलादपूर सोडलं की कशेडी घाट, आणि घाट उतरला की खेड तालुका. त्या तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ सालच्या कादंबरीने हे नाव मराठी घराघरांत पोचवलं. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुम्बाड’ या हिंदी सिनेमाने २०१८ साली ते व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत नेलं. सिनेमाने कादंबरीकडून नाव तेवढं घेतलं. गोष्ट आली दुसरीकडून, आणि फार लांबून.

तो प्रवास आधी पाहू. सिनेमात हस्तर नावाचा एक शापित देव आहे. या नावाचं मूळ अमेरिकेत सापडतं. १८९०च्या दशकात अँब्रोस बिअर्सच्या एका कथेत हास्तूर हा मेंढपाळांचा देव होता, चांगला सौम्य देव. १८९५ साली रॉबर्ट चेंबर्सने ते नाव आपल्या कथांत उचललं. पुढे लव्हक्राफ्ट आणि त्याच्या मंडळींच्या हाती ते भयाचं नाव झालं. १९८४ साली स्टीफन किंगने ‘ग्रॅमा’ ही कथा लिहिली, तिथेही ते आलं. त्या कथेवरून आपल्या नारायण धारपांनी ‘आजी’ लिहिली. आणि धारपांची ती गोष्ट राही बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली. म्हणजे बघा, छापील कथा मध्येच पुन्हा तोंडी झाली आणि मग पडद्यावर गेली.

यावर कुणी म्हणेल, ही तर उसनवारी. आम्ही म्हणतो, उसनवारी तर आहेच, पण आपल्या रंगभूमीला ती नवी नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. बर्वे यांचं घरही नाटकाचंच. वडील अनिल बर्वे म्हणजे ‘थँक्यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमिदाबाईची कोठी’चे लेखक. प्रश्न उसनं घेतलं का हा नाही. उसनं आणलेलं बी आपल्या मातीत रुजलं का, हा आहे.

आता काय ठेवलं ते पाहा. किंगच्या कथेत थोरला भाऊ जखमी होतो, आई त्याच्यासाठी दवाखान्यात जाते आणि धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा राहतो. सिनेमातही भाऊ पडतो, आई त्याला घेऊन बाहेर जाते आणि विनायक साखळदंडातल्या म्हातारीजवळ एकटा उरतो. त्या नावाचा धाक घातला की म्हातारी निपचित होते, हेही तसंच ठेवलंय. सांगाडा जवळपास जशाचा तसा.

बदललं ते कारण. किंगच्या कथेत मुलाला भीती वाटते ती आजीची, तिच्या चेटकाची. ‘तुम्बाड’मध्ये भीती आहे ती हावेची. विनायकची आई वाड्यातल्या ‘सरकार’ची वर्षानुवर्षं सेवा करते, कशासाठी, तर एका सोन्याच्या मोहरेसाठी. मुलगा मोठा होऊन त्याच मोहरांपायी पुण्याहून पुन्हा पुन्हा वाड्यात उतरतो. १९१८, १९३३ आणि १९४७ असे तीन टप्पे. भूत तिथंच बसलेलं आहे, माणूस आपल्या पायाने त्याच्याकडे जातो.

इथे एडगर ॲलन पो याची १८३९ सालची अशर घराण्याची कथा आठवते. गॉथिक कथांमधली ही अगदी मानाची. तिच्यात वाडा आणि घराणं एकाच नावाने ओळखले जातात आणि एकदमच कोसळतात. मराठीत हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपला ‘घराणं’ हा शब्दच ‘घर’मधून आलाय. या कथेवर ज्याँ एपस्टाईनने १९२८ साली मूकपट केला, त्यात पोची बहीण बायको झाली. रॉजर कॉर्मनने १९६० साली रंगीत सिनेमा केला, त्यात पाहुणा मित्र तिचा वाग्दत्त वर झाला. नाती बदलली तरी कथा टिकली, कारण वाडा आणि घराणं यांची गाठ कुणी सोडली नाही.

मग कोकणातल्या वाड्याची गाठ कशाशी? आमचं उत्तर एका शब्दात: खोती. खोत सरकारसाठी सारा गोळा करी, आपला वाटा ठेवी आणि कुळाकडून वेठही घेई. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. त्याच डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. कायदा झाला तो १९४९ साली. म्हणजे सिनेमाचे तिन्ही टप्पे खोतीच्या काळातले. सिनेमा खोतीवर भाषण देत नाही. पण मालकाच्या घरात राबणारी बाई आणि तिला न मिळणारा वाटा, हे चित्र आपल्याकडच्या कुळाच्या नातवाला परकं वाटत नाही. धारपांच्या ‘आजी’ला वाडा आणि ‘सरकार’ मिळाले तेव्हाच गोष्ट इथली झाली.

दुसरी इथली गोष्ट म्हणजे पाऊस. या सिनेमाचं चित्रण २०१२ साली सुरू झालं, २०१५ साली बरंचसं पुन्हा केलं, आणि पाऊस प्रत्यक्ष पावसाळ्यातला घेतला. परदेशी समीक्षक त्याला वातावरण म्हणतील. आपण काय म्हणणार? २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ला तळियेवर दरड आली, त्याच दिवसांत महाड पाण्याखाली होतं. ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यासमोर पावसाचा नुसता देखावा करणं बरं नव्हे. पडद्यावर पाऊस आणायचा तर तो कुणाला घराबाहेर काढतोय, हे आधी ठरवायला हवं. ‘तुम्बाड’मध्ये तो जखमी पोराला घेऊन निघालेल्या आईवर कोसळतो. म्हणून तो खरा वाटतो.

आता रंगमंचाकडे येऊ, कारण आपल्या गावोगावच्या हौशी मंडळींना सिनेमा परवडणार नाही, नाटक परवडेल. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची माकडाच्या पंजाची कथा १९०२ सालची. दुसऱ्याच वर्षी, १९०३ला, लुई पार्करने तिची एकांकिका केली. त्यात मेलेला मुलगा कधीच दिसत नाही. दार वाजतं, आई कडी काढायला धडपडते, बाप शेवटची इच्छा मागतो, दार उघडतं तर बाहेर रिकामा रस्ता. लागतं काय? एक दार आणि एक कडी. सिनेमाने हस्तर दाखवला, कारण कॅमेरा त्याच्याजवळ जाऊ शकतो. नाटकात दाखवलेलं भूत पाच मिनिटांत ओळखीचं होतं. शिमग्यातला संकासुर आठवा. तो लांबून येतोय एवढं कळलं की पोरं माजघरात पळतात. जवळ आला, हसला, की आतला शेजारचा दादा दिसायला लागतो.

आणि शेवटचा मुद्दा, आमच्या मते सगळ्यात मोठा. पुरलेलं धन आणि त्याचा राखणदार या गोष्टी कोकणात कुणाला सांगाव्या लागत नाहीत. पण गुप्तधनापायी अघोरी प्रकार केले जातात, म्हणूनच २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांची दखल घ्यावी लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या त्याच वर्षीची. तेव्हा धनाची भयकथा रंगवणाऱ्यावर एक जबाबदारी येते. ‘राखणदार आहे, त्याला काहीतरी द्या’ असं सांगणारं नाटक मांत्रिकाचं गिऱ्हाईक वाढवतं. ‘तुम्बाड’च्या शेवटी विनायकचा मुलगा बापाने पुढे केलेलं सोनं घेत नाही. तिथे शाप उतारा-नारळाने सुटलेला नाही, एका पोराच्या नकाराने सुटलाय.

तर मंडळी, बिअर्सच्या मेंढपाळापासून जगबुडीच्या काठापर्यंत भूत एकच आलं. प्रत्येक हाताने त्याला वेगळं कारण दिलं. उद्या तुमच्यापैकी कुणी शिमग्याला किंवा जत्रेला अशी कथा उभी करणार असाल, तर भुताचा मुखवटा शेवटी करा. आधी ठरवा की वाडा कुणाचा, त्यात राबलं कोण आणि कुणाचा वाटा द्यायचा राहिला. भीती आपोआप येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.