शिष्यवृत्ति आणि प्राप्तिकर

१८५७ च्या उठावानें सरकारी तिजोरी रिती झाली, ती भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं हिंदुस्थानांत प्राप्तिकर आणिला. वर्षास दोनशें रुपयांखालील प्राप्ति त्यांनीं करमुक्त ठेविली होती. १८६५ सालीं तो कर उठला. पुढें १८८६ च्या कायद्यानें मात्र तो कायमचा स्थिरावला. तेव्हांपासून प्राप्ति कशास म्हणावें, हा वाद चालत आला आहे. विद्यार्थ्याच्या हातीं पडणारी शिष्यवृत्ति ही त्याची प्राप्ति होय काय?

हा प्रश्न आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशास परका नाहीं. १९४४ सालीं मध्यवर्ती सरकारनें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति सुरू केली व पुढें ती अनुसूचित जमातींसही लागू झाली. गोंड, माडिया घरांतील पहिली पिढी कॉलेजांत गेली, ती बहुधा याच आधारावर.

उत्तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानें दिलें. त्याच्या दहाव्या कलमाचें सोळावें पोटकलम एका ओळीचें आहे: शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठीं दिलेली शिष्यवृत्ति एकूण उत्पन्नांत धरूं नये. रकमेची मर्यादा नाहीं. देणारें सरकारच असलें पाहिजे, अशीही अट नाहीं. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख ठरली, त्या २०२५ च्या नव्या कायद्यांतही ही सूट राखली आहे.

परंतु 'शिक्षणाचा खर्च' म्हणजे केवळ फी काय? कर्नाटक उच्च न्यायालयाच्या, १९८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निकालानें सांगितलें कीं, शिक्षणास आनुषंगिक असा इतर खर्चही त्यांत येतो. अमेरिकेनें १९८६ सालीं याच्या उलट मार्ग धरिला. तेथें फी, पुस्तकें व अभ्यासाचें आवश्यक साहित्य यांपुरतीच सूट ठेवून, राहण्याजेवण्याच्या रकमेवर कर लाविला. सिरोंच्याचा मुलगा गडचिरोलीस शिकावयास येतो, तेव्हां सुमारें दोनशें किलोमीटर दूर खोली आणि खानावळ हाच त्याचा मोठा खर्च असतो. अमेरिकेची रीति येथें आली असती, तर सूट कागदावर राहिली असती.

दोन गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. कामाचा मोबदला म्हणून दिलेला पैसा शिष्यवृत्तीच्या नांवानें दिला, म्हणून करमुक्त होत नाहीं. दुसरें, 'आदिवासींना करच नाहीं' ही समजूत आपल्याकडे खरी नव्हे. जमातींना असलेली ती विशेष सूट ईशान्येकडील कांहीं प्रदेशांतील व लडाखमधील रहिवाशांपुरती आहे. एटापल्लीचा माडिया शिक्षक करपात्र पगारावर कर देतोच. त्याच्या मुलीची शिष्यवृत्ति मात्र तिच्याकडे पूर्ण पोंचते.

सरकारनें एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेऊं नये, हें साधें तत्त्व त्या एका ओळींत आहे. आपल्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं ती ओळ माहीत करून घ्यावी.