स्कॉटलंडच्या नोटा लंडनमध्ये चालतात का? परतण्याआधी हे माहीत असू द्या

एडिनबर्गमधल्या एटीएममधून पैसे काढले की हातात येणाऱ्या नोटांवर बहुतेक वेळा राजाचा चेहरा नसतो. रक्कम पाउंडातच असते, पण नाव बँक ऑफ इंग्लंडचं नसून एखाद्या स्कॉटिश बँकेचं असतं. स्कॉटलंडमध्ये या नोटा बिनबोभाट चालतात. अडचण येते ती लंडनमधल्या छोट्या दुकानात, किंवा भारतात परतल्यावर मनी चेंजरच्या काउंटरवर.

या नोटा कोण काढतं?

स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक या तीन व्यापारी बँकांच्या स्वतःच्या नोटा आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या काही बँकाही नोटा काढतात. हे वेगळं चलन नाही. स्कॉटिश बँकेचे २० पाउंड म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचेच २० पाउंड. त्यामुळे आपसात बदलताना विनिमय दराचा प्रश्नच येत नाही.

ही पद्धत जुनी आहे. बँक ऑफ स्कॉटलंडची स्थापना १६९५ सालची. १८२६ मध्ये लंडनच्या सरकारनं पाच पाउंडांपेक्षा लहान नोटा बंद करायचं ठरवलं, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी टोपणनावानं पत्रं लिहून विरोध केला आणि स्कॉटलंडच्या नोटा वाचल्या. आजही बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर त्यांचंच चित्र असतं.

बँक बुडाली तर नोटेचं काय?

नोटा खासगी बँकेच्या असल्या तरी त्यांना आधार असतो. बाजारात असलेल्या नोटांच्या बदल्यात या बँकांना तारण ठेवावं लागतं. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंड १० लाख आणि १० कोटी पाउंडांच्या खास नोटा वापरते. या नोटा बाजारात कधीच येत नाहीत.

मग दुकानदार नाही का म्हणतो?

‘कायदेशीर चलन’ या शब्दाचा ब्रिटनमधला अर्थ फार मर्यादित आहे. तो कर्जफेडीपुरता लागू होतो, दुकानातल्या खरेदीला नाही. कोणती नोट घ्यायची हे दुकानदार ठरवतो. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही या अर्थानं कायदेशीर चलन नाहीत, तरी त्या सगळीकडे चालतात.

खरं कारण ओळखीचं आहे. जी नोट रोज पाहण्यात नाही, ती खरी की खोटी हे चटकन कळत नाही. आपल्याकडे १० रुपयांच्या नाण्याचं असंच झालं. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सगळी १४ प्रकारची नाणी वैध असल्याचं सांगितलं, तरी अनेक दुकानदार ते घ्यायला कचरत होते.

भारतातल्या मनी चेंजरला तर ती नोट पुढे विकायची असते. जिला गिऱ्हाईक नाही, ती तो नाकारतो किंवा कमी दरानं घेतो.

काय करावं?

- स्कॉटिश नोटा शक्यतो स्कॉटलंडमध्येच खर्च करा. हॉटेलचं शेवटचं बिल त्यासाठी सोयीचं.
- उरलेल्या नोटा निघण्याआधी तिथल्या बँकेत बदलून मिळतील का, हे विचारा.
- ब्रिटनमध्ये बँक खातं असेल, तर त्यात भरा. विद्यार्थ्यांसाठी हा सर्वांत सोपा मार्ग.
- इंग्लंडमध्ये पोचलाच असाल, तर मोठ्या सुपरमार्केटमध्ये वापरून पाहा. तिथे सहसा अडचण येत नाही.
- नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या कागदी नोटा तपासून घ्या. २० आणि ५० पाउंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत. त्या नोट काढणाऱ्या बँकेकडे बदलून मिळतात.

जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅनच्या पाउंडांबाबत जास्त सावध राहा. त्यांची किंमत तेवढीच असली तरी ब्रिटनमधली दुकानं त्या नोटा सहसा घेत नाहीत.

भारतात परतल्यावर

खर्च न झालेल्या परकीय नोटा परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे बदलून घ्याव्या लागतात. पुढच्या प्रवासासाठी २,००० अमेरिकी डॉलरइतक्या किमतीपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. स्कॉटिश नोटा उरल्याच असतील, तर ब्रिटनला निघालेल्या ओळखीच्या माणसाकडे देणं हा बऱ्याचदा कमी तोट्याचा उपाय ठरतो. तिथे त्यांची किंमत पूर्ण मिळते.